खुनवानाचे ग्लो प्लग

हा-राफोलो गावात ट्रक एकच होता आणि तो मापोलोको चालवायची. तांबूस रंगाचा, तीन टनी, तिच्या लेकीपेक्षा वयानं मोठा. तांबूस गाईला आम्ही खुनवाना म्हणतो, म्हणून ट्रकचंही नाव खुनवाना पडलं. लोकर उतरवायची असो, मक्याचं पीठ वर आणायचं असो, कुणाची सून आणायची असो नाहीतर कुणाला पुरायला न्यायचं असो, खुनवानाशिवाय गावाचं पान हलत नसे.

ट्रक घेतला होता तिच्या नवऱ्यानं, तिएहोनं. सोन्याच्या खाणीतून कायमचा परतला तेव्हा तो हा ट्रक घेऊनच आला, पण त्यानं तो कधी चालवला नाही. खाणीत तो जमिनीखाली इंजिन हाकायचा. तिथं वळायचं कुठं हे रूळच ठरवायचे. वर आल्यावर स्टिअरिंग हातात धरलं आणि पहिल्याच दिवशी मुखियाची मेंढवाडी पाडली. त्या संध्याकाळी मापोलोकोनं किल्ली स्वतःच्या कमरेला बांधली, ती आजतागायत तिथंच आहे. तिएहोला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याचा जीव होता गावच्या गायकमेळ्यात. चाळीस गळे एका बोटावर नाचवणारा माणूस, त्याला चार चाकांचं काय कौतुक!

पण गेल्या वर्षी त्या चार चाकांनीच मेळ्याचं नाक कापलं.

ऑगस्टच्या शेवटी जिल्ह्याच्या गावी, मोखोतलोंगला, सगळ्या मेळ्यांची स्पर्धा असते. आमच्या उंचीवर ऑगस्ट म्हणजे सरता हिवाळा, नदीच्या कडेला अजून बर्फाची साय, आणि पहाटे बादलीतल्या पाण्यावर कुऱ्हाड घालावी लागते. त्या पहाटे मेळा सजूनधजून ट्रकमध्ये चढला आणि खुनवाना अडून बसली. किल्ली फिरवली की खर्रर्र करायची, पांढरा धूर सोडायची आणि गप्प. इंजिनाखाली गोवऱ्यांचा जाळ केला, किटलीभर कढत पाणी ओतलं, मुखियानं पूर्वजांना हाक मारली. शेवटी सगळा मेळा खाली उतरला आणि ट्रक ढकलत उतारावर नेला. एकदा नाही, तीनदा. पोचले तेव्हा बायकांच्या छात्या भात्यासारख्या चालत होत्या, जाड आवाजाचे बाप्ये खोकत होते. मेळा सगळ्यात शेवटी आला. त्यात भर म्हणून मात्लापेंग गावच्या मेळ्याचा म्होरक्या लेत्लात्सा भर मैदानात म्हणाला, "हा-राफोलोवाल्यांनो, पुढच्या वर्षी ट्रक ढकलायची स्पर्धा ठेवू, पहिला नंबर तुमचाच!"

हसले सगळे. तिएहोसुद्धा हसला. पण परतीच्या वाटेवर तो पाठीला बाक काढून बसला, आणि मापोलोकोला ते जास्त लागलं.

दोष होता ग्लो प्लगांचा. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, डिझेलच्या गाडीत पडत नाही. तिथं हवा दाबून दाबून इतकी तापवतात की डिझेल आपसूक पेटतं. पण रात्रभर गोठलेल्या लोखंडात हवा किती दाबली तरी तापायचं नाव घेत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या पोटात बोटाएवढी एक कांडी असते. वीज दिली की तिचं टोक लाल होतं आणि इंजिनाला पेटायला ऊब मिळते. खुनवानाला असे चार प्लग. चारही म्हातारे होऊन मेले होते.

गावचा मेकॅनिक रान्त्सो यानं ते बदलले. रान्त्सो म्हणजे ढेरपोट्या, दिलदार आणि स्वतःच्या मतावर मेखेसारखा ठोकलेला माणूस. त्यानं बाजारातून सगळ्यात स्वस्त, चकचकीत चार प्लग आणले. महिन्या-दोन महिन्यांत ते जळाले. पुन्हा तसलेच आणले. तेही जळाले. तिसऱ्या खेपेला काढायला गेला तर एकाचं टोक पाण्यात भिजलेल्या मक्याच्या दाण्यासारखं फुगून आत अडकलेलं. रान्त्सोनं पान्यावर सगळी ढेर टाकली. कट्ट असा आवाज झाला. अर्धा प्लग हातात आणि अर्धा इंजिनात.

मग काय, इंजिनाचं डोकंच उतरवावं लागलं. जून आणि अर्धा जुलै खुनवाना अंगणात उघड्या टाळूनं उभी. वर जुनी घोंगडी टाकलेली, ड्रायव्हरच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसलेली. मक्याचं पीठ गाढवांवरून यायला लागलं आणि गाव मापोलोकोकडे असं बघायला लागलं, जणू तिनंच ती कांडी दातानं तोडली.

इंजिन पुन्हा बसलं त्या संध्याकाळी तिघं चुलीपाशी पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी खात बसले होते.

"आता मी पुन्हा चार आणतो," रान्त्सो म्हणाला.

"तसले नकोत," मापोलोको म्हणाली. "टिकाऊ आणायचे."

"म्मे," रान्त्सो म्हणाला. आमच्याकडे बाईला मानानं म्मे म्हणतात, बाप्याला न्ताते. "प्लग म्हणजे काडेपेटीतली काडी. पेटायची, संपायची. काडी टिकाऊ आहे का, असं कुणी विचारतं का?"

"काडी माझ्या इंजिनात मोडून राहत नाही, न्ताते."

"सगळे प्लग जळतात. महागडा घ्या नाहीतर स्वस्त. मेल्यावर मुखिया काय आणि मेंढका काय!"

तिएहो बोटानं ताटलीवर ठेका धरून बसला होता. त्याचं डोकं नेहमीप्रमाणं गाण्यात. "रान्त्सो म्हणतो त्यात अर्थ आहे," तो म्हणाला.

"तुम्ही ऐकलंत तरी का तो काय म्हणाला?"

"नाही," तिएहोनं कबूल केलं. "पण सूर ठाम होता."

मापोलोको हसली, पण निर्णय तिथंच झाला. या खेपेला प्लग ती स्वतः निवडणार होती.

दुपारी ऊन तापलं की खुनवाना जुन्या जळक्या प्लगांवरही कशीबशी सुरू व्हायची. तशी ती एका दुपारी सुरू करून, दुकानदाराचं पीठ आणायचं निमित्त काढून, मापोलोको खिंडी उतरून बुथा-बुथेला गेली. वर अजून हिवाळा होता, खाली पीचची झाडं गुलाबी फुलांनी डवरली होती. चुलतबहिणीकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशी ती स्टेशन रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर सेल्वाने नावाची बाई होती. तिशी-पस्तिशीची, कानामागं पेन, बोटांना ग्रीस आणि नखांना लाल रंग.

"ग्लो प्लग हवेत. टिकणारे," मापोलोको म्हणाली.

"टिकणारा नवरा आणि टिकणारा प्लग, दोन्ही मागणाऱ्या बायका रोज येतात," सेल्वाने म्हणाली. "गाडी कुठली?"

मापोलोकोनं इंजिनाचा नंबर सांगितला. सेल्वानेच्या भुवया वर गेल्या. "अजून चालतं? बरं, प्लगला वीज कोण देतं? डबी आपोआप देते की बटण आहे?"

"डबी कधीच मेली. मेकॅनिकनं हॉर्नचं बटण बसवलंय. दाबून धरायचं, तापले की सोडायचं, मग किल्ली."

"किती वेळ धरता?"

"एक कडवं."

"काय?"

मापोलोकोला जरा लाजल्यासारखं झालं. घड्याळ ती वापरत नसे, आणि अंधारात आकडे मोजताना तिचं चुकायचं. म्हणून कैक वर्षांपूर्वी तिएहोनंच तिला युक्ती सांगितली होती. मेळ्याचं चालू गाणं असेल त्याचं एक कडवं म्हणायचं, कडवं संपलं की बटण सोडायचं. गाणं तर घरात दिवसभर चालूच असायचं. "गाण्याचं कडवं," ती म्हणाली. "त्यावर मोजते."

"म्हणून दाखवा बघू."

"इथं?"

"मग काय चर्चमध्ये?"

दुकानात दोन टॅक्सीवाले आणि एक म्हातारा फॅनबेल्ट निवडत होते. तिघांनी माना वळवल्या. मापोलोकोनं घोंगडीची पिन नीट केली, घसा साफ केला आणि या वर्षीचं गाणं म्हणायला लागली. तिएहोनं स्वतः बांधलेलं, संथ, डोंगरावरून धुकं उतरावं तसं. 'ओ डोंगरा, तुझ्या खांद्यावर माझी गुरं निजली...' एकेका शब्दाला तीन-तीन वळणं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. सेल्वानेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिसरी ओळ चालू असताना तिनं पेन खाली ठेवलं. चौथी ओळ संपली तेव्हा म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती.

"म्मे," सेल्वाने म्हणाली, "गाणं फार सुंदर आहे. पण एवढ्यात माझा पापा शिजून होईल!"

"म्हणजे?"

"म्हणजे एवढा वेळ वीज दिली तर प्लग काय, भाला वितळेल. पूर्वी हेच गाणं होतं?"

"नाही, हे गेल्या स्पर्धेनंतर घेतलं. आधीचं..." आणि मापोलोकोनं आधीचं गाणं सुरू केलं. मक्याच्या मळणीचं, पायाला ठेका लावणारं, टणाटण उड्या मारणारं. टॅक्सीवाल्यांनी काउंटरवर ताल धरला. चार ओळी चार श्वासांत संपल्या.

ती थांबली. दुकानही थांबलं. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं तोंडावर हात मारला.

"अगं बाई! म्हणजे सगळे प्लग माझ्या नवऱ्याच्या गाण्यानं जळाले!"

टॅक्सीवाले हसून हसून फॅनबेल्टच्या ढिगाला टेकले. सेल्वाने हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "थांबा, सगळा दोष त्यांचा नाही. त्यांना निम्मी शिक्षा द्या. तुमचे प्लगही तसलेच होते ना, चकचकीत?" तिनं एक डबा काढून दाखवला. अगदी रान्त्सोचेच. "हे मोजून-मापून तापवले तरी फार दिवस काढत नाहीत. जरा जास्त तापले की टोक फुगतं. फुगलं की भोकातून निघत नाही."

"माहीत आहे," मापोलोको म्हणाली. "इंजिनाचं डोकं काढून शिकले."

मग सेल्वानेनं आणखी दोन डबे मांडले. एकातले प्लग सडपातळ, टोकाला काळसर, चिनी मातीच्या जातीचे. तिनं काउंटरखालच्या बॅटरीला एक जोडून दाखवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत टोक पिवळंधमक झालं. मापोलोकोचा जीव तिथंच जडला. पहाटेच्या काळोखात असं डोळा मिटून उघडेपर्यंत तापलं तर!

"हेच द्या."

"हे तुम्हाला विकले तर पाप लागेल मला," सेल्वाने म्हणाली. "हे नव्या गाड्यांचे. त्यांच्यामागं डबी असते, ती वीज मापून देते, तापले की कमी करते. तुमच्याकडे काय आहे? हॉर्नचं बटण आणि गाणं. बॅटरीची सगळी वीज अंगावर घेतली की हे तडकतात. आणि तडकलेला तुकडा कुठं पडतो ते तुम्हाला सांगायला नको."

मापोलोकोनं हात मागं घेतला. पण नजर रेंगाळली. खरेदीत असं होतंच, जे आपलं नव्हे तेच जास्त झळकतं.

तिसऱ्या डब्यातले प्लग करडे, निस्तेज, दिसायला खिळ्यांसारखे. "हे बघा," सेल्वाने म्हणाली. "ह्याच्या पोटात एकामागं एक अशा दोन तारा आहेत. पुढची तापते. मागची तापली की तीच वीज आवरून धरते. बैल उतारावर निघाला की शहाणा माणूस कासरा खेचतो ना, तसं. तुम्ही चुकून एखादी ओळ जास्त गायलात तरी लगेच मरायचा नाही. आख्खं कडवं मात्र नको, हात जोडते. आणि अंगावरचा आकडा बघून घ्यायचा. दिसायला अगदी असाच सहा व्होल्टचाही येतो, तो तुमच्या बॅटरीवर पहिल्याच दिवशी जाईल."

मापोलोकोनं चारही प्लग उजेडात धरून आकडे पाहिले. चारही बारा व्होल्टचे होते. ते घेऊन निघावं एवढ्यात ती थांबली.

"चारही लावून दाखवा."

"एक दाखवला की सगळे दाखवल्यासारखंच, म्मे."

"चार मेंढ्या घेताना एकीचेच दात बघता का तुम्ही?"

म्हातारा म्हणाला, "बरोबर बोलली."

सेल्वानेनं एकेक जोडला. पहिला टोकाकडून लाल होत मागं सरकला, जसा व्हायला हवा तसा. दुसराही. तिसरा मात्र मधेच लाल झाला, कमरेशी, आणि टोक काळंच राहिलं. सेल्वानेनं तो घाईनं सोडवला आणि बाजूला टाकला. "हा परत जाईल. बरं झालं तपासलंत," ती म्हणाली आणि दुसरा डबा फोडून त्यातला एक जोडून दाखवला. तो चांगला निघाला, चौथाही.

महाग होते, पण मापोलोकोनं हुज्जत घातली नाही. जाताना सेल्वानेनं एका कागदात बोटभर काळं ग्रीस बांधून दिलं. "आट्यांना लावा, म्हणजे पुढच्या वेळी रडत निघणार नाहीत. आणि तुमच्या मेकॅनिकला सांगा, हातानं बसवायचे, मग पान्यानं जरासं. पोटानं नाही."

"त्याला तुम्ही ओळखता?"

"सगळ्यांना ओळखते," सेल्वाने म्हणाली.

वर परतल्यावर पीठ उतरवून झालं, आणि तिनं प्लग रान्त्सोच्या पुढ्यात ठेवले. त्यानं एक उचलला, तळहातावर तोलला, वास घेतला, दातानंही चावून पाहिला.

"जड आहे," तो नाइलाजानं म्हणाला.

"आधी भोकातली काजळी काढा. सगळी."

"म्मे, मी तुझ्या लग्नाआधीपासून भोकं साफ करतोय."

"म्हणूनच म्हणते, सवयीनं करू नका."

रान्त्सो पुटपुटला, पण त्यानं काम मन लावून केलं. चारही भोकं ग्रीस लावलेल्या सळईनं फिरवून फिरवून स्वच्छ केली. आट्यांना काळं ग्रीस लावलं आणि प्लग बोटांनी बसवले. शेवटी पाना घेतला तेव्हा सवयीनं ढेर पुढं आली. मापोलोकोनं नुसता घसा खाकरला. ढेर मागं गेली.

राहिला होता तिएहो. तो कुडाच्या आडोशाला उन्हात बसून काठीनं मातीवर सूर लिहीत होता.

"प्लग कुणी जाळले ते कळलं," ती म्हणाली.

"रान्त्सोनं."

"तुम्ही."

त्यानं काठी खाली ठेवली. तिनं सगळं सांगितलं. दुकानातलं गाणं, घड्याळ, पापा, टोपी काढणारा म्हातारा. तिएहोचा चेहरा आधी आंबला, मग हळूहळू उजळत गेला.

"टोपी काढली त्यानं?"

"काढली."

"कितव्या ओळीला?"

"न्ताते, माझं इंजिन जळालं त्याचं बोला!"

"ते बोलतोच आहे. कितव्या ओळीला?"

"चौथ्या."

"चौथ्याच ओळीला काढायला हवी," तिएहो समाधानानं म्हणाला. "तिथंच मी खालचे आवाज आणलेत."

मापोलोकोनं कपाळाला हात लावला. "आता जरा जलद करा ते गाणं."

"छे! गाणं बरोबर आहे. इंजिन अधीर आहे." पण तो उठला, तिच्या मागोमाग ट्रकपाशी आला आणि पहिल्यांदाच कितीतरी वर्षांनी केबिनमध्ये चढला, तिच्या शेजारी. "म्हण. मी सांगतो कुठं सोडायचं."

तिनं बटण दाबून गायला सुरुवात केली. तो डोळे मिटून ऐकत होता, डावा हात हवेत. तिसरा शब्द संपला, चौथा सुरू झाला आणि 'खांद्यावर' म्हणताना आवाज वर चढला तिथं त्यानं बोट मुठीत मिटलं. "इथं."

तिनं बटण सोडलं, किल्ली फिरवली. खुनवाना एकदा खोकली आणि धडधडायला लागली. मागचा रान्त्सो टोपी उडवून ओरडला. कोंबड्या पळाल्या. तिएहो म्हणाला, "सुरात आहे," आणि खाली उतरला.

स्पर्धेच्या पहाटे मेळा जमला तो ढकलायच्याच तयारीनं. बाप्यांनी हातमोजे घातले होते, बायकांनी चांगले बूट पिशवीत ठेवून रबरी बूट चढवले होते, दोघांनी चाकाखाली लावायला धोंडे आणले होते. गवतावर पांढरं दहिवर कडकडत होतं. मापोलोको केबिनमध्ये चढली. मागं कुणीतरी म्हणालं, "चला, कोण डावीकडून?" तेवढ्यात खुनवाना सुरू झाली. पहिल्याच किल्लीला.

क्षणभर कुणाला काय करावं तेच कळेना. धोंडेवाले धोंडे हातात घेऊन उभे.

"चढा ना!" मापोलोको ओरडली. "की चालत येताय?"

मग जो आरडाओरडा झाला, जी आरोळ्यांची शर्यत लागली, तिनं खालच्या नदीपलीकडची कुत्री जागी झाली. तिएहो बजावत होता, "गळे सांभाळा, गळे सांभाळा," पण त्याचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

सूर्य डोंगराच्या कडेवर आला तेव्हा ते मात्लापेंगच्या फाट्यावर पोचले. तिथं रस्त्याच्या कडेला एक मिनीबस उभी होती. तिचं झाकण उघडं, आणि भोवती निळ्या पोशाखात गारठलेला मात्लापेंगचा मेळा. लेत्लात्सा इंजिनात डोकं घालून उभा होता. ट्रकचा आवाज ऐकून त्यानं डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा आत घातलं.

मापोलोकोनं ब्रेक लावला. मागून एक बाई म्हणाली, "चालू दे गं, म्मे, पुढं. ढकलू दे त्यांना."

"हो, स्पर्धा आहे ना ढकलायची!" दुसरा म्हणाला, आणि सगळा ट्रक खदखदला.

तिएहोनं खिडकीतून मान काढली. "न्ताते लेत्लात्सा, काय झालं?"

"काही नाही," लेत्लात्सा इंजिनातून म्हणाला.

"मग आम्ही निघू?"

मग लेत्लात्सा हात पुसत पुढं आला. नाक थंडीनं लाल झालेलं. "रात्री डिझेल गोठलं. ऊन लागेपर्यंत हलायची नाही. आमचं नाव दुसरं आहे यादीत." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "गेल्या वर्षी मी बोललो ते... तोंड आहे, न्ताते. कधी कधी ते माझ्याआधी उठतं."

तिएहोनं बायकोकडे पाहिलं. ट्रक तिचा होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उभे राहावं लागेल," मापोलोको लेत्लात्साला म्हणाली. "आणि वळणावर ओरडायचं नाही."

दोन मेळे एका ट्रकात म्हणजे पेंढीत पेंढी. निळे आणि आमचे तपकिरी एकमेकांच्या घोंगड्यांत शिरले. आधी जो तो आपापल्या मेळ्याकडे तोंड करून उभा. मग खड्डा आला, सगळे एकमेकांवर आपटले आणि हशा फुटला. मात्लापेंगच्या एका पोरीनं गुणगुणायला सुरुवात केली, हा-राफोलोच्या बाप्यांनी तिला खालचा सूर दिला. तिएहो केबिनमधून मागं वळून ओरडला, "आमचं गाणं नका म्हणू, चोरतील!" लेत्लात्सा ओरडला, "तुमचं चोरता चोरता आम्हाला झोप लागेल!" आणि असं करत करत, कधी त्यांचं गाणं, कधी यांचं, पण स्पर्धेचं कुणाचंच नाही, ते उन्हात मोखोतलोंगला उतरले. वेळेच्या आधी.

मात्लापेंगचा पहिला नंबर आला. हा-राफोलोचा दुसरा. परीक्षकांनी सांगितलं की हा-राफोलोच्या मेळ्याचा श्वास असा होता, जणू डोंगरच आत-बाहेर करतोय. तिएहोनं ते वाक्य जेवताना तीनदा सांगितलं. मापोलोको मैदानाच्या कडेला ट्रकच्या पायरीवर बसून कढत भजी खात होती. ते वाक्य तिनं तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. गेल्या वर्षी या माणसाच्या पाठीला आलेला बाक आज सरळ झाला होता, आणि भजी गरम होती.

"तुमचा पहिला आला असता," लेत्लात्सा हाडाचा रस्सा घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुम्ही आम्हाला रस्त्यात सोडलं असतं तर."

"आला असता," तिएहो म्हणाला. "पण मग या वर्षी मला टक्कर द्यायला दुसरं कोण होतं?"

परतताना मात्लापेंगच्या लोकांनी त्यांना तसं जाऊच दिलं नाही. ट्रक गावापर्यंत न्यावाच लागला. अंगणात आंबलेली पेज आली, उकडलेला भोपळा आला, कुणीतरी जिवंत कोंबडी पाय बांधून केबिनमध्ये ठेवली. बाप्ये ट्रकभोवती उभे राहून, मेळ्याबरोबर आलेल्या रान्त्सोला प्लगांबद्दल विचारत होते, आणि रान्त्सो दोन तारांचं असं वर्णन करत होता, जणू त्या त्यानं स्वतः वळल्या होत्या. मापोलोकोनं केबिनच्या पायरीवर बसून ऐकलं आणि भोपळ्याची फोड उचलली. सांगत होता ते बरोबर होतं.

तेवढ्यात लेत्लात्साची आई काठी टेकत तिच्यापाशी आली. वाकलेली, सुरकुतलेली, घोंगडीत बुडून गेलेली.

"पोरी, ही तू चालवतेस?"

"हो, म्मे."

"मी आजवर मागंच बसले. पोत्यांवर, बकऱ्यांबरोबर. माझ्या लग्नालाही मागंच." तिनं काठीनं केबिन दाखवली. "पुढं बसून कसं वाटतं?"

मापोलोकोनं खाली उतरून तिला उचललं. पिसासारखी हलकी होती म्हातारी. सीटवर बसवलं, घोंगडी गुडघ्यांवर सारखी केली, कोंबडी तिच्या मांडीवर दिली. मग स्वतः चढून ट्रक सुरू केला आणि सगळं गाव बघत असताना गावाबाहेरच्या सपाटीवर घेऊन निघाली. म्हातारी दोन्ही हातांनी कोंबडी घट्ट धरून काचेतून बघत होती. डोंगर येत होते, वळत होते, बाजूला सरत होते.

ओढ्याच्या वळणावर मापोलोकोनं विचारलं, "फिरवू परत, म्मे?"

"इतक्यात?" म्हातारी म्हणाली. "अजून थोडी पुढं घे."

मापोलोकोनं गिअर बदलला.